नेम चुकला, असं मी सांगितलं

गोळी लागल्याचा आवाज मी ऐकला होता. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मी स्वतःची बाजू मांडायला लागलो तर तुम्ही फसणार नाही. ओली गोधडी काठीने झोडपल्यावर येतो तसला आवाज. बार आधी कानात बसतो, आणि त्याच्या पाठोपाठ, अर्धा क्षण उशिरा, तो ‘थप्प’ येतो. नेम चुकला तर तो येत नाही.

ऑक्टोबरचा शनिवार, संध्याकाळचे सव्वासहा. आयर्लंडमधल्या कॉर्क शहरापासून तासाभरावर नोरा नावाच्या बाईंची जमीन आहे. खाली मेंढ्यांची कुरणं, वर डोंगरावर स्प्रूसच्या सूचिपर्णी झाडांची लागवड. त्या लागवडीच्या कडेला फॅलो जातीचं हरीण उभं होतं, चांगला दांडगा नर. पाठीवर चितळासारखे ठिपके, शिंगं तळहातासारखी पसरट. हे त्यांचे माजाचे दिवस, त्यामुळे तो घोरल्यासारखा ओरडत होता आणि त्याचं कुणाकडे लक्ष नव्हतं. मी अंतर मोजलं. एकशे पासष्ट. बंदुकीच्या दस्त्यावर चिकटवलेल्या तक्त्यात एकशे पासष्टची ओळ पाहिली, तेवढा नेम वर धरला आणि घोडा ओढला.

तो पुढच्या गुडघ्यावर बसला, उठला, आणि झाडीत गेला.

मी कडेपर्यंत गेलो. पाच मिनिटं, फार तर सात, इकडेतिकडे पाहिलं. उजेड अजून तासभर पुरला असता. पण शिकाऱ्यांचा नियम असा की सुटलेली प्रत्येक गोळी लागलीच आहे असं धरायचं, आणि लागली नाही याची खात्री पटेपर्यंत शोधायचं. तो नियम पाळला असता तर रक्त सापडलं असतं, आणि रक्त सापडलं असतं तर ते नोराला सांगावं लागलं असतं. नोराचे स्वतःचे नियम दोनच. एक, शंभर मीटरच्या पलीकडे गोळी घालायची नाही. दुसरा, प्रत्येक बारानंतर फोन करून काय झालं ते सांगायचं. कॉर्कचा दातांचा एक डॉक्टर तिच्याकडे सहा वर्षं यायचा. मागच्या हिवाळ्यात त्याने लांबून हरीण जखमी केलं, तेव्हा तिने त्याचा कागद रद्द केला. जमीनमालकाचा सहीचा कागद नसेल तर सरकारी परवाना नाही, आणि परवाना नसेल तर ती बंदूक म्हणजे लोखंडी कांब.

म्हणून मी फोन केला. म्हणालो, “नेम चुकला, नोरा. साफ चुकला. हरीण पळालं.”

“ग्रँड,” ती इथल्या ‘ठीक आहे’च्या सुरात म्हणाली. “घरी जा. पाऊस येतोय.”

त्या बंदुकीबद्दल सांगायला हवं. इथले झाडून सगळे शिकारी साधी बोल्ट ओढायची, दुर्बीण लावलेली रायफल वापरतात. मला लिव्हरवाली हवी होती. ट्रिगरभोवतीची कडी खाली खेचायची, खट्, रिकामं काडतूस बाहेर उडतं; कडी वर घ्यायची, खट्, नवं आत जातं. तीही फॉर्टी-फाइव्ह सेव्हंटी, अंगठ्याएवढ्या जाड गोळीची. अमेरिकेत लोक अस्वलासाठी, रानरेड्यासाठी घेतात ती. इथे एवढ्या मोठ्या तोंडाच्या बंदुकीला गार्डांच्या, म्हणजे इथल्या पोलिसांच्या, बड्या साहेबाची वेगळी परवानगी लागते. मी सोळा महिने कागद पाठवत बसलो. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं, ‘दाट झाडी, अंतर नेहमी शंभर मीटरच्या आत.’ अश्लेषा, माझी बायको, बंदूक घरात आली तेव्हा एवढंच म्हणाली, “अंगापेक्षा बोंगा मोठा.” मी तिला समजावलं की मोठी गोळी कुठेही लागली तरी जनावर जागच्या जागी पडतं. मला खरंच तसं वाटत होतं.

घरी पोचलो साडेसातला. घरी बाबा होते, आणि ही माझी दुसरी भानगड.

माझे बाबा, बाळासाहेब, मेळघाटात एकतीस वर्षं जंगलखात्यात होते. वनरक्षक म्हणून लागले, वनपाल म्हणून निवृत्त झाले. सांबर मारणाऱ्यांना पकडण्यात त्यांचा जन्म गेला. ते तीन महिन्यांसाठी आमच्याकडे आले, आणि त्यांचा मुलगा आयर्लंडमध्ये हौसेने हरणं मारतो हे त्यांना सांगायची माझी छाती झाली नाही. युटिलिटी रूममध्ये भिंतीला बोल्टने ठोकलेलं बंदुकीचं कपाट होतं. ते कंपनीच्या कागदांचं, असं मी सांगितलं होतं. मी कॉर्कजवळ रिंगास्किडीला एका औषधाच्या कारखान्यात गुणवत्ता तपासणीत आहे, त्यामुळे कागदांचं कपाट खपून गेलं. शनिवारी मी ‘शटडाउनच्या कामाला’ जात होतो.

जेवायला खिचडी आणि ताकाची कढी होती. मी दोन घास खाल्ले आणि बूट धुवायला उठलो. परत येऊन बसलो. गाडीचं दार लॉक केलं का ते बघायला उठलो. पाऊस सुरू झाला होता, आणि पावसात रक्त धुऊन जातं, एवढंच डोक्यात घोळत होतं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात. माझ्या मनात तो घोरणारा नर होता आणि त्याचा पुढचा पाय.

“सारंग, तू जरा बस ना एका जागी,” अश्लेषा म्हणाली. “बूट दोनदा धुऊन झाले तुझे. मला हेडेक व्हायला लागलंय तुझ्याकडे बघून.”

बाबा कढीचा भुरका घेत माझ्याकडे बघत राहिले.

मी युटिलिटी रूममध्ये गेलो, दार लोटून घेतलं आणि कपाट उघडलं. माझा नेम चांगला आहे, हा माझा गर्व. मग गोळी खाली का लागली? तो गुडघ्यावर बसला म्हणजे खालीच लागली. दस्त्यावरचा तक्ता मी स्वतः एक्सेलमध्ये केलेला. दर पाचाला एक ओळ, गोळी किती खाली येते त्याचा आकडा, कोपऱ्यात बारीक अक्षरात ‘आवृत्ती १.२’. आकडे काडतुसांच्या खोक्यावरून घेतलेले. खोकं काढलं आणि दिव्याखाली धरलं.

यार्ड. खोकं अमेरिकेचं, त्यावरचं अंतर यार्डात. माझं अंतर मोजायचं यंत्र इथलं, मीटरमध्ये. एकशे पासष्ट मीटर म्हणजे एकशे ऐंशी यार्ड. त्या जड, संथ गोळीला पंजाभर खाली यायला तेवढा फरक पुरतो. मी तक्त्यात एककच लिहिलं नव्हतं. कारखान्यात एकक न लिहिलेला कागद आला की मी तो न वाचता परत पाठवतो. गेल्याच आठवड्यात हाताखालच्या एका पोरीला मी एवढ्यासाठी रडवलं होतं.

“काय पाहून राह्यला?”

बाबा दारात उभे होते. बंदूक माझ्या मांडीवर, खोकं हातात. झाकली मूठ आता काही झाकलेली राहिली नव्हती.

“बाबा, हे मी तुम्हाला सांगणारच...”

“राहू दे,” बाबा म्हणाले. “तेलाचा वास मले पह्यल्याच दिवशी आला. एकतीस वर्षं दुसऱ्याच्या घरात हाच वास हुंगत फिरलो मी. इथं कायदा परवानगी देते, तुनं घेतली असंन, म्हनून बोललो नाही. ते सोड. आज काय झालं ते सांग.”

मी सांगितलं. हरीण, अंतर, आवाज, गुडघ्यावर बसणं. यार्ड आणि मीटरचंही सांगितलं, कारण मला वाटलं ते ऐकून ते म्हणतील, चूक झाली, होतं असं.

“आन तू शोधलं नाही?”

“पाहिलं थोडं. उजेड जात होता.”

“किती वाजले होते?”

“सव्वासहा.”

बाबांना इथला सूर्यास्त ठाऊक होता. रोज संध्याकाळी ते आमच्या खिडकीत बसून त्यावर घड्याळ लावत. त्यांचा चेहरा असा झाला की मला वाटलं, आता मारतात. मी बेचाळीस वर्षांचा आहे.

“मुक्या जनावराले पाय मोडून टाकून आला तू, आन कढी पेत बसला? तूच त्या दिवशी मले सांगे का इथं वाघ नाही, म्हनून हरनं लय झाली, झाडं खातात, मानसालेच मारा लागते. बरं. वाघाचं काम करतो ना तू? वाघ अर्धं टाकून घरी येत नाही.”

“सकाळी जातो मी. पहाटेच.”

“मी येतो. ज्याची जमीन आहे त्याले सांगितलं का?”

“सांगितलं,” मी म्हणालो. काय सांगितलं ते त्यांनी विचारलं नाही.

पहाटे पाऊस थांबला होता. बाबांनी डोक्यात कानटोपी घातली आणि अश्लेषाचे रबरी वेलिंग्टन बूट चढवले, कारण माझे त्यांना मोठे होत होते. मी गाडी नोराच्या घरासमोरून न नेता मागच्या फॉरेस्ट्री रस्त्याने नेली. बेत सरळ होता. हरीण शोधायचं, संपवायचं, आणि मग नोराला फोन करायचा की आज सकाळी एक नर मिळाला. कालचा आणि आजचा एकच, हे कोण सांगणार होतं?

उजाडता उजाडता आम्ही जागेवर पोचलो. मी जिथे शोधलं होतं त्याच्या चार पावलं पुढे बाबा खाली बसले. पावसाने बरंच धुतलं होतं, पण नेच्याच्या पानांच्या खालच्या बाजूला रक्त टिकलं होतं. त्यांनी केसांचा पुंजका उचलला, मग बोटाच्या नखाएवढा हाडाचा तुकडा, आणि माझ्या तळहातावर ठेवला.

“पुढचा उजवा. छातीखालून घासत गेली आन पाय तोडला.”

मी तो तुकडा हातात धरून उभा राहिलो. टाकवेना, खिशात ठेववेना. तीन वर्षांत मी सात हरणं मारली आणि सातही जागेवर पडली, त्यामुळे आपण दयाळू शिकारी आहोत अशी माझी समजूत होती. बाबा तोवर पुढे गेले होते.

“पाय मोडलेलं जनावर चढ चढत नाही. खाली चाल. पान्याकडे गेलं असंन.”

स्प्रूसच्या रांगांतून आम्ही वाकून उतरत होतो. बाबा दर दहा पावलांनी थांबत, मला मात्र थांबवत नव्हतं. मी पुढे घुसायचो, ते माझ्या जाकिटाला धरून मागे ओढायचे. “ठसा तुडवू नको.” एके ठिकाणी गवत दबलेलं होतं आणि मधोमध काळसर डाग होता. “इथं बसला होता रात्री. लय वेळ.” पुढे पुन्हा बसल्याची खूण. आणखी पुढे पुन्हा. प्रत्येक ठिकाणी बाबा हाताने गवत चाचपत आणि माझ्याकडे बघत नसत. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

लागवड संपली तिथे तारेचं कुंपण होतं. त्याच्या पलीकडे लव्हाळ्याचं ओलं शेत आणि शेताच्या कडेला ओढा. तिथे तो होता. आमच्यापासून चाळीस पावलांवर, लव्हाळ्यात बसलेला. त्याने मान वळवून आमच्याकडे पाहिलं आणि उठायचा प्रयत्न केला. तीन पायांवर अर्धा उठला, उजवा पाय लोंबला, आणि तो तोंडावर पडला. मग पुन्हा प्रयत्न केला.

“मार,” बाबा म्हणाले.

मी बंदूक उचललीही, पण तिथेच थांबलो. “ते दुसऱ्याचं शेत आहे, बाबा. माझा कागद या कुंपणापर्यंतचा. पलीकडे गोळी घालता येत नाही, बंदूक घेऊन पाऊलही टाकता येत नाही.”

“मालक कोन?”

“शेजारी आहे कुणी तरी. मी ओळखत नाही. नोरा ओळखते.”

“मंग तिले फोन लाव.”

मी फोन काढला, आणि तो हातात धरून उभा राहिलो. खरं सांगायचं तर मी त्या क्षणीही हिशेब करत होतो. नोराला इंग्रजीत काय सांगतोय ते बाबांना कळणार नव्हतं. ‘आत्ताच गोळी घातली, कुंपणापलीकडे पडलाय’ असं म्हणालो तर? पण बार झालाच नव्हता, आणि या टेकडीवरचा बार तिला स्वयंपाकघरात ऐकू येतो. मग आधी गोळी घालायची, पटकन तारेखालून ओढून अलीकडे आणायचा, आणि मग फोन. दोन मिनिटांचं काम. बघायला कुणी नाही. बाबांना सांगायचं, परवानगी मिळाली. कागद वाचतो, बंदूक वाचते, हरीणही यातनांतून सुटतं. त्यात वाईट कुणाचं होत होतं? मला आजही त्याचं नीट उत्तर देता येत नाही.

तो पुन्हा उठला आणि पुन्हा पडला. या वेळी त्याच्या तोंडातून आवाज आला. कालचा माजाचा आवाज नव्हता तो.

मी फोन लावला.

“नोरा, सारंग बोलतोय. काल मी खोटं बोललो. नेम चुकला नव्हता. मला माहीत होतं. एकशे पासष्ट मीटरवरून घातली, पाय मोडला, आणि मी शोधलंही नाही. तो आता ओढ्याकडच्या शेतात आहे, कुंपणापलीकडे. जिवंत आहे. तुझ्या शेजाऱ्याची परवानगी हवी आहे.”

मला तिच्याकडचा रेडिओ ऐकू येत होता.

“थांब तिथेच,” ती म्हणाली आणि फोन ठेवला.

अकरा मिनिटं लागली. मी ती फोनवर बघितली, म्हणून सांगतो. मला उभं राहवत नव्हतं. मी कुंपणाच्या कडेने चार पावलं जायचो, परत यायचो, हरणाकडे पाठ करायचो, परत वळायचो. तो सहा वेळा उठायचा प्रयत्न करून पडला. बाबा खुंटाला हात टेकवून एका जागी उभे होते आणि त्याच्याकडे बघत होते. एकदाही त्यांनी नजर काढली नाही.

“इकडं ये,” ते म्हणाले. “तुह्यं काम आहे ते. पाहा त्याच्याकडं.”

मी त्यांच्या शेजारी जाऊन उभा राहिलो आणि बघितलं. लाज वाटली, असं लोक म्हणतात ते किती फिकं असतं. मला स्वतःच्या हातांची किळस आली होती.

फोन वाजला. “जा,” नोरा म्हणाली. “मी येतेय.”

तार ओलांडताना बंदूक रिकामी करायची असते. ती केली, पलीकडे गेलो, एकच काडतूस भरलं. कडीचा खट्खट् आवाज मला एरवी फार आवडायचा. पंधरा पावलांवर थांबलो. त्याने मान वर केली. मी मानेच्या मुळाशी नेम धरला, आणि या वेळी तो जागच्या जागी पडला. गोळीच्या मोठेपणाचा त्यात काही संबंध नव्हता. इतक्या जवळून कुठलीही चालली असती.

बाबा आले, खाली बसले, आणि त्यांनी त्याच्या उघड्या डोळ्यावरून हात फिरवला. तो मोडलेला पाय त्यांनी सरळ करून ठेवला, झोपलेल्या माणसाचा करावा तसा.

नोरा चार चाकांच्या क्वाड बाइकवर आली. अडुसष्ट वर्षांची, उंच, विटलेल्या पावसाळी जाकिटातली बाई. तिने आधी हरणाकडे पाहिलं, वाकून पाय पाहिला, आणि मग बाबांकडे पाहिलं, बाईमाणसाचे जांभळे बूट आणि कानटोपी घातलेल्या.

“याला शोधलं कुणी?”

“माझ्या वडिलांनी. ते जंगलखात्यात होते.”

“रात्रभर पाऊस पडून गेल्यावर?”

“हो.”

तिने हातमोजा काढून बाबांशी हात मिळवला, आणि बराच वेळ तो सोडला नाही. मग माझ्याकडे वळली. आवाज चढवला नाही. म्हणाली, “काल संध्याकाळी मला खरं सांगितलं असतंस तर मी कुत्रा घेऊन आले असते आणि सातच्या आत हे संपलं असतं. लांबून गोळी घातलीस ते मी एक वेळ पोटात घातलं असतं, खोटं नाही. माझ्या सहीचा कागद मला आज आणून दे. तुला यापुढे या जमिनीवर यायचं नाही. तुझे वडील इथे आहेत तोवर त्यांनी केव्हाही यावं. रान बघायला, चहाला, कशालाही. तू त्यांना फाटकापाशी सोड आणि गाडीतच बस.”

बाबा आमच्या दोघांच्या तोंडाकडे बघत होते.

“काय म्हन्ते बाई?”

‘आभार मानतेय’ हे शब्द माझ्या जिभेवर तयार होते. मी तिच्याकडे पाहिलं, हरणाकडे पाहिलं, आणि बाबांना सगळं सांगितलं. काल तिला फोनवर काय सांगितलं होतं तेही. कुत्र्याचं, सातच्या आतलं, कागदाचं, आणि मी गाडीत बसायचं तेही. एक शब्द गाळला नाही.

बाबांनी ऐकून घेतलं आणि मान हलवली.

“बरोबर बोलली,” ते म्हणाले. “तिले सांग, मी उद्या येतो.”

मी नोराला सांगितलं.